नकाराचं विरजण

माझा गळा काढला तेव्हा कोर्टातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं असणार. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची वकील म्हणून मी हयात घालवली आणि माझा आवाज बाररूममधून कँटीनपर्यंत जायचा. स्वरयंत्राच्या कर्करोगानं तो बंद केला. ऑपरेशननंतर मानेच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं आणि तोंडातून शब्द यायचा थांबला. एकच आवाज शिल्लक होता. जीभ टाळूला चिकटवून सोडली की निघतो तो 'च्'. हनुवटी जराशी वर करून हा 'च्' केला की आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, बाई नाही म्हणाली. त्याला गळा लागत नाही, फुफ्फुसातली हवाही लागत नाही. डॉक्टरांनी बाकी सगळं नेलं, पण माझा नकार माझ्याकडं राहिला. मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

पुढं कंठिका आली. हनुवटीखालून मानेभोवती बसणारा हा एक मऊ पट्टा. त्याचं काम समजायला अवघड नाही. गळा काढला तरी मेंदूला ते कुणी कळवत नाही. तो जिभेला, जबड्याला, मानेच्या स्नायूंना आपले हुकूम सोडतच राहतो, आणि प्रत्येक हुकुमाबरोबर स्नायूंत अगदी बारीक वीज खेळते. पट्टा ती वीज टिपतो आणि दूरच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर तिच्यावरून शब्द ओळखतो, आणि ऑपरेशनपूर्वी घेतलेल्या रेकॉर्डिंगमधून घडवलेल्या माझ्याच आवाजात गळ्याजवळचा छोटा स्पीकर तो शब्द बोलतो. समोरच्याला मधे वेळ गेल्याचं जाणवतसुद्धा नाही.

मात्र प्रत्येकाच्या स्नायूंची चाल वेगळी असते. म्हणून सर्व्हरवर दोन गोष्टी असतात. एक पाया, तो सगळ्यांना सारखा. शांत, सभ्य, पुस्तकी बोलणाऱ्या माणसांवर तो तयार केलेला. आणि त्याच्यावर प्रत्येकाचा आपापला थर. माझा थर बसायला वर्षभर गेलं. 'ळ' म्हणताना माझा जबडा डावीकडं सरकतो, चिडले की मी शब्दांची शेपटं खाते, माझा 'च्' म्हणजे 'नाही', हे सगळं त्या थरानं शिकून घेतलं. माझा घडवलेला आवाजही त्याच थरात ठेवलेला. मी पुन्हा कोर्टात उभी राहिले आणि पहिल्याच उलटतपासणीत मिल मालकाच्या मॅनेजरला घाम फोडला. बाररूमचं हायसं वाटणं तिथंच संपलं.

मग कायदा आला. हेतू चांगला होता, हे वकील म्हणून मला मान्य करावंच लागेल. माणसाच्या मज्जातंतूंवरून गोळा केलेली माहिती कंपन्यांनी साठवून ठेवू नये, उद्या तिचा कोण काय वापर करील सांगता येत नाही, असा तो विचार. ज्याची माहिती आहे त्याला विचारा, त्यानं पुसा म्हटलं तर पुसा, ठेवा म्हटलं तर ठेवा. आमच्या कंपनीनं सोपा रस्ता धरला. दर रविवारी पहाटे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि थर जातील ते जाऊ द्यायचे. विचारायचं काम त्यांनी नंतरसाठी ठेवलं.

त्या पहिल्या रविवारी सकाळी बसूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, चहा आणून दिला. बसवराज चिकोडे दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. स्वयंपाकघर त्यानं आपल्या ताब्यात घेतलंय आणि मी ते आनंदानं दिलंय. पण चहात साखर किती घालावी हे त्याला आजवर कळलेलं नाही. मी एक घोट घेतला आणि म्हणाले की बसू, हा चहा आहे का काकवी, मला मारायचा विचार आहे का तुझा.

कंठिका म्हणाली, "चहा छान झाला आहे. साखर थोडी कमी चालेल."

आवाज माझा नव्हता. कुण्या गोड, अनोळखी बाईचा होता. बसू माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. आमच्या संसारात मी त्याच्या चहाला छान म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मी जितकी चिडून बोलत गेले तितकी ती बाई लाघवी होत गेली.

दुपारी कंपनीचा फोन आला. पलीकडून रेकॉर्ड केलेला प्रश्न होता: सर्व्हर बंद-चालू झाल्यावर आपली शिकलेली माहिती पुसली जाईल, आपल्याला मान्य आहे का? मी हनुवटी वर करून चांगला खणखणीत 'च्' केला. पण सर्व्हरवरच्या पायाला 'च्' ठाऊक नव्हता. त्याला वाटलं बाईनं आवंढा गिळला, म्हणजे ती गप्प आहे. आणि प्रश्नानंतर माणूस गप्प राहिला तर त्याच्या वतीनं सगळ्यात संभाव्य उत्तर भरायचं, अशी त्याची शिकवण.

"हो, चालेल," माझा स्पीकर म्हणाला.

माझी हरकत आहे, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन तितकं दुसरं कुठलंच नसेल. ते मी फोनवर ओरडले. कंठिका म्हणाली, "काही हरकत नाही." पलीकडून 'धन्यवाद' आलं आणि फोन बंद झाला. मी सोफ्यावर बसले आणि रडले. कॅन्सर कळला तेव्हा मी रडले नव्हते. माझा जो एक शब्द यंत्राविना माझा होता, तोच यंत्रानं उलटा करून माझ्या नावावर टाकला होता.

मी कंपनीला इतकी पत्रं पाठवली की शेवटी त्यांनी एक इंजिनिअर माझ्याशी बोलायला दिली. ऋचा केळुसकर, मालवणकडची, चेहऱ्यावरूनच खोटं बोलता न येणारी. व्हिडिओवर तिनं मला समजावलं ते असं. सर्व्हरवर आमचा प्रोग्रॅम एका बंदिस्त खोक्यात चालतो, त्याला ते लोक कंटेनर म्हणतात. सर्व्हर बंद-चालू झाला की जुना कंटेनर टाकून देतात आणि मूळ साच्यातून नवा काढतात. त्याच्या आत जे लिहिलं असेल ते त्याच्याबरोबर जातं. म्हणून टिकवायची माहिती, म्हणजे डेटाबेस, कधी कंटेनरच्या आत ठेवायची नसते. ती बाहेरच्या कायम डिस्कवर ठेवतात आणि प्रत्येक नव्या कंटेनरला सुरू होतानाच सांगतात, की ही डिस्क जोडून घे. मग कंटेनर कितीही वेळा बदलला तरी डिस्क तिथंच असते.

माझा थर तसाच होता ना, मी पाटीवर लिहून विचारलं. ऋचा म्हणाली की होता. मग काय केलंत, यावर ती खाली बघायला लागली.

"डिस्क जोडायची एक ओळ असते मॅडम, ती मला वरिष्ठांनी काढायला सांगितली. मी नको म्हटलं होतं. नंतर परत जोडूया म्हटलं, तर त्यांनी मला संमतीचे आकडे दाखवले. जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलंय."

माझं वर्ष त्या एका ओळीवर टांगलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

महिन्यातून एकदा आम्ही गळा नसलेली माणसं कोल्हापुरात एका दवाखान्याच्या हॉलमध्ये जमतो. एरवी तिथं बाजार भरल्यासारखा गलका असतो. त्या महिन्यात मी दारातून आत गेले आणि मला घाबरायला झालं. सगळ्या बायका एकाच आवाजात बोलत होत्या. सगळे पुरुष एकाच आवाजात. रमजान बागवान, आमचे चाचा, माझ्याकडं आले. मार्केट यार्डात फळांचा सौदा, म्हणजे लिलाव, लावणारा माणूस, आणि दर सभेला माझ्याशी कुठल्या ना कुठल्या कारणावरून भांडणारा. कंठिका आल्यावरही चाचांच्या बोलण्याला सौद्यातली तीच घाई होती. आता ते म्हणाले, "नमस्कार. मी रमजान बागवान बोलत आहे. आपण कशा आहात?" त्यांचे डोळे भरलेले होते आणि आवाजात त्याचा पत्ता नव्हता.

मी फळ्यावर खडूनं लिहिलं: फोनवर हो कोण म्हणालं? एकही हात वर आला नाही. मग लिहिलं: च् कुणी केला? जवळजवळ सगळा हॉल हात वर करून उभा राहिला. कंपनीनं शहरात बसून विचार केला होता की नाही म्हणायचं तर माणूस 'नाही' हा शब्द उच्चारतो. आमच्या भागात गळा असलेलीही निम्मी माणसं तो उच्चारायचे कष्ट घेत नाहीत.

घरी परतले तर बसू त्याच्या भावाशी फोनवर बोलत होता. हल्ली घरात मोठी शांतता आहे, बरं चाललंय, असं हसत हसत सांगत होता. माझी चाहूल लागल्यावर त्यानं फोन ठेवला, पण मी ऐकलं होतं. मी म्हणाले, तुला ही दुसरी बाई आवडलीय. कंठिका म्हणाली, "तुला आवडलं, छान." मी पट्टा ओढून काढला, पाटीवर 'ती मी नाही' एवढंच लिहिलं आणि ती त्याच्यापुढं आपटली.

त्यानं पाटी उचलून सरळ ठेवली.

"मला भांडण नको होतं, वैजू. तू नको होतीस असं नाही. पण चुकलंच माझं."

मी 'च्' केला. त्याला बरोबर कळलं, की एवढ्यावर मी सोडणार नाही. मग तो नेहमीसारखा उठून स्वयंपाकघरात गेला, कारण बसूला वाईट वाटलं की त्याचे हात काहीतरी करायला लागतात. दूध कोमट झालं होतं. त्यानं संपत आलेल्या दह्यातून चमचाभर दही वाटीत काढलं, मग ते भांडं घासायला घेतलं. घासता घासता थांबला आणि माझ्याकडं वळला.

"हे भांडं मी रोज घासतो," तो म्हणाला. "लखलखीत करतो. दही तरी उद्या तसंच लागतं, कारण विरजण आधी बाजूला काढलेलं असतं. तुझी ती ऋचा डिस्क म्हणते ती ही वाटी. ती त्यांनी फेकली. पण वैजू, आपलं विरजण कधी नासलं तर आपण काय करतो? शेजारी मागतो. आणि शेजारी आपल्याला जे देतात ते कधीतरी आपल्याकडूनच गेलेलं असतं. तुझं कुणाकडं गेलंय का, ते विचार की तिला."

मी ऋचाला लिहून विचारलं. उत्तर लवकर आलं नाही. आलं तेव्हा तिच्या स्वतःच्या फोनवरून आलं, ते असं.

दोन कंठिकावाले शेजारी बसले की घोटाळा होतो. एकीच्या स्पीकरचा आवाज दुसरीच्या पट्ट्याला गोंधळात टाकतो. म्हणून पहिल्या भेटीत दोघांनी पट्टे एकमेकांना टेकवून ओळखीचं बटण दाबायचं असतं. त्यानंतर दोघं जेव्हा जेव्हा एकत्र बसतात तेव्हा प्रत्येक पट्टा शेजाऱ्याच्या थराची ताजी प्रत आपल्याजवळ ठेवतो. सर्व्हरवर नाही, पट्ट्यातच. रविवारी पट्टा स्वतःच्या मालकाचं सगळं पुसतो, पण शेजाऱ्यांच्या प्रतींचा कप्पा वेगळा आहे आणि तो पुसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवाय त्या बटणाचा एक नियम आहे. दोन प्रती समोरासमोर आल्या की ज्यात जास्त शिकलेलं असेल ती खरी धरून मालकाच्या पट्ट्यात उतरते, कोरी प्रत तिच्यावर कधी बसत नाही. कुणाचा पट्टा खराब झाला, नवा घ्यावा लागला, तर उपयोगी पडावं म्हणून तो केलेला. माझी त्या पहिल्या रविवारच्या आधीची प्रत कुणाकडं असणार, हे सांगायला मला ऋचाची गरज नव्हती. दर सभेला माझ्याशी भांडणारा माणूस एकच होता.

दुसऱ्याच दिवशी मी मार्केट यार्डात चाचांसमोर उभी राहिले. पट्ट्याला पट्टा लावला, बटण दाबलं. मी म्हणाले, चाचा, मागच्या टायमाला तुम्ही माझा चहा पिऊन पसार झालाय. शब्दन् शब्द माझा होता. आवाज माझा होता, खरखरीत आणि अर्ध्या यार्डाला ऐकू जाणारा. चाचांचाही परत आला होता, कारण त्यांची प्रत माझ्या पट्ट्यात होती. त्यांनी समोरच्या कलिंगडाच्या ढिगावर पाय ठेवला आणि विकायला नसलेल्या मालाचा एक अख्खा सौदा लावला. हमाल हातातलं काम टाकून बघायला लागले.

तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. प्रत्येकानं दोघा-तिघांचं विरजण सांभाळायचं. रविवारी सकाळी कोल्हापूर, जयसिंगपूर, कागल इथनं माणसं एसटीनं, स्कूटरनं एकमेकांकडं जायची आणि आपला आवाज घेऊन यायची. बसूनं कपाटात पडून असलेला माझा जुना पट्टा स्वतःच्या नावावर करून घेतला. चांगला धडधाकट गळा असलेला माणूस मानेला पट्टा बांधून दिवसभर माझ्याजवळ बसला. गल्लीतली माणसं खिडकीतून बघून हसली, बसू हलला नाही. माझी प्रत त्या पट्ट्यात उतरल्यावर त्यानं तो बंद केला, स्टीलच्या डब्यात घातला आणि दह्याच्या कपाटात ठेवला. चालू कशाला ठेवायचा, तो म्हणाला, विरजण कुणी ढवळत बसतं का.

कंपनीची नोटीस आली. शेजाऱ्यांच्या प्रतींचा असा वापर हा सेवेच्या अटींचा भंग आहे, तो थांबवावा, नाहीतर कंठिका बंद करण्यात येतील. मी नोटीस दोनदा वाचली आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली. मी आरोग्ययंत्र तक्रार मंडळाकडं दावा लावला. मागणी एकच: माझी संमती खोटी आहे, ती रद्द करा आणि माझा थर कायम डिस्कवर परत ठेवा. लोक म्हणाले की तडजोड कर, निदान आहे तेवढं तरी चाललंय. मी ऐकलं नाही. रविवारी उठून आपला आवाज मागायला जायचं, हे मला आयुष्यभर करायचं नव्हतं.

सुनावणी कोल्हापुरात झाली. मंडळाच्या अध्यक्ष श्रीमती देवस्थळी, निवृत्त न्यायाधीश, मिरजेच्या. कंपनीकडून पुण्याचे ॲडव्होकेट सबनीस. मी त्या फोनचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. प्रश्न ऐकू आला, मग स्वच्छ 'च्', आणि मग त्या गोड बाईचं "हो, चालेल".

सबनीस हुशार माणूस. ते म्हणाले की हा नुसता आवाज आहे, शब्द नव्हे. तो कुठल्या शब्दकोशात नाही. गळ्याच्या रुग्णांच्या तोंडातून असे आवाज येतच असतात, त्यांचा अर्थ लावत बसलो तर कुठलीच संमती टिकणार नाही. कायदा शब्दांवर चालतो. मुद्दा तगडा होता आणि मी उत्तराला उभी राहिले. तेवढ्यात गळ्याखालचा पट्टा थरथरला.

त्या दिवशी रविवार नव्हता. कंपनीनं सुरक्षेच्या नावाखाली सर्व्हर मधेच बंद-चालू केला होता आणि त्याबरोबर सगळ्या चालू पट्ट्यांतला शेजाऱ्यांचा कप्पाही पुसला होता. मी म्हणाले, हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे. स्पीकर म्हणाला, "हा युक्तिवाद मान्य आहे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी मागं चाचांकडं बघितलं. त्यांनी आपल्या पट्ट्यावर बोट ठेवून मान हलवली, त्यांच्याकडचंही गेलं होतं. उभ्या जन्मात कोर्टात माझ्या तोंडून विरुद्ध पक्षाची बाजू कधी गेली नव्हती.

बसू उठला. पिशवीतून त्यानं स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्याकडं यायला लागला. सबनीसांच्या ताबडतोब लक्षात आलं. ते घाईनं अध्यक्षांकडं वळले. ती प्रत बेकायदा आहे, अशिलाच्या सूचना घ्याव्या लागतील, आज काम तहकूब करून पुढची तारीख द्यावी, अशी त्यांनी विनंती केली.

श्रीमती देवस्थळी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी वर न बघता हनुवटी जराशी उचलली आणि 'च्' केला.

सबनीस खाली बसले.

तोवर बसूनं जुना पट्टा चालू करून माझ्या पट्ट्याला टेकवला होता. पुसायचा हुकूम सर्व्हरकडून घ्यायला त्या पट्ट्याला सवडच मिळाली नाही. बसूनं बटण दाबलं आणि मी त्याचा हात घट्ट धरला. पट्टा पुन्हा थरथरला. मी घसा खाकरायची खूण केली, जुनी सवय, आणि बोलले. खिडकीच्या काचा हादरतील असा माझा आवाज त्या हॉलमध्ये घुमला.

"सबनीस, तुम्ही खाली का बसलात?"

ते म्हणाले, मंडळानं विनंती फेटाळली म्हणून.

"कुठल्या शब्दात?"

सबनीसांनी मंचाकडं बघितलं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला, मग त्यांनी लघुलेखकाला विचारलं की शेवटची नोंद काय आहे. तो बिचारा निरागसपणे वाचून मोकळा झाला: तहकुबीची विनंती नामंजूर.

"शब्दकोशात नसलेला आवाज तुम्हाला कळला, लघुलेखकाला कळला, रेकॉर्डवर गेला," मी म्हणाले. "कळला नाही तो फक्त तुमच्या यंत्राला. आणि त्याला तो शिकवायला मला वर्ष लागलं होतं. ते शिकलेलं तुम्ही पुसलंत, आणि पुसलेल्या पाटीला विचारलंत की पुसू का. माझ्या अंगात जोवर जीव आहे तोवर माझ्या वतीनं हो म्हणायचा हक्क मी कुणाला देणार नाही. कंपनीला नाही, कायद्याला नाही, आणि त्या गोड बाईला तर मुळीच नाही."

बसू माझ्या मागंच उभा होता. शेवटच्या वाक्याला तो खाली बघून हसला, पण डोळे पुसत हसला.

आदेश त्याच आठवड्यात आला. फोनवर घेतलेल्या सगळ्या संमती रद्द. प्रत्येकाला नव्यानं विचारायचं, आणि तोवर प्रत्येकाचा थर कायम डिस्कवर ठेवायचा. सर्व्हरवरच्या पायालाही 'च्' शिकवायचा. कंपनी अपिलात जाणार असं ऐकते. जाऊ दे. ऋचानं एका ओळीचा मेसेज पाठवला, की ती ओळ मी माझ्या हातानं परत घातली. आमचे थर त्या दिवशी बंद राहिलेल्या पट्ट्यांतून परत वर चढले, बऱ्याच जणांचे अर्धे-मुर्धे, ज्यांचं विरजण कुठंच उरलं नव्हतं त्यांचं पहिल्यापासून. जयसिंगपूरच्या एका बाईंना मुलाला हाक मारायची त्यांची लकब अजून सापडलेली नाही. त्या रोज त्याला हाक मारत बसतात.

काल फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, बसू दूध कोमट करत होता. आदेशाप्रमाणे नव्यानं, तसाच रेकॉर्ड केलेला प्रश्न: आपली शिकलेली माहिती पुसावी, हे आपल्याला मान्य आहे का? उत्तर द्यायला कंठिका गळ्यात होतीच, आणि ती आता बरोबरच बोलली असती. पण मी पट्ट्याचा बंद सोडला, तो काढून ओट्यावर ठेवला आणि फोन तोंडाजवळ धरला. बसू चमचा हातात धरून थांबला.

मी हनुवटी वर केली आणि गळ्याशिवाय, यंत्राशिवाय, माझा स्वतःचा 'च्' केला.



"आपला नकार नोंदवला आहे," फोन म्हणाला. बसूनं विरजणाची वाटी जवळ ओढली.